खिशातला छोटा चाकू: निवड, धार आणि निगा

वावरात दिवसभर काही ना काही कापावं लागतंच. खताच्या पोत्याची शिवण, ठिबकची फाटलेली नळी, वासराच्या पायात गुंतलेली दोरी, दुपारच्या भाकरीसोबतचा कांदा. नेमका तेव्हा इळा दुसऱ्या धुऱ्यावर असतो आणि सुरी घरी. मग गाडीच्या चावीनं, दातानं, नाहीतर दोन दगडांत ठेचून काम उरकलं जातं. त्यात पोतं फाटतं, नळीचं टोक वाकडं कापलं जातं आणि दोरी विसविशीत होते. चार बोटांएवढा घडीचा चाकू खिशात असला की हे सगळं टळतं. शिवाय ज्या अवजाराला आपण स्वतः धार लावतो, तेल देतो, ते वर्षानुवर्षं टिकतं आणि हाताच्या सवयीचं होतं. हा आनंद ज्यानं घेतला तो चाकूशिवाय वावरात जात नाही.

पहिल्यांदाच असा चाकू घेणाऱ्यांना निवडीपासून दुरुस्तीपर्यंत काय माहीत हवं, ते पुढे दिलं आहे.

पातं केवढं, चाकू कोणता

पातं 6 ते 8 सेंटिमीटर लांब असावं. संत्रं, कांदा, दोरी, नळी या सगळ्याला एवढं पुरतं. त्याहून मोठा चाकू खिशात टोचतो, म्हणून तो हळूहळू घरीच राहायला लागतो. चारचौघांत काढला तर लोकही दचकतात. लांबीपेक्षा जाडीकडे जास्त लक्ष द्या. पात्याची पाठ 2 मिलिमीटरच्या आसपास हवी. 3 मिलिमीटरचं जाडजूड पातं दुकानात भक्कम वाटतं, पण त्यानं कांदा कापला जात नाही, फाकतो.

घडीच्या चाकूचे जुने, साधे प्रकार तीन आहेत. पहिल्यात पातं मुठीला जोडणाऱ्या खिळीच्या घट्टपणावरच उभं राहतं. जपानचा हिगोनोकामी या जातीचा आहे: वाकवलेल्या पत्र्याची मूठ, एक खीळ, एक पातं, बस. दुसऱ्यात मुठीच्या पाठीत पोलादी पट्टी असते. ती पात्याला उघडं किंवा मिटलेलं दाबून धरते, पण अडकवून ठेवत नाही. नवख्यानं याच जातीचा चाकू घ्यावा. तिसऱ्यात उघडलेलं पातं कडीनं किंवा पट्टीनं पक्कं अडकतं. फ्रान्सचा ओपिनेल 1890 पासून बनतो. त्याची लाकडी मूठ आणि 1955 मध्ये आलेली फिरती कडी हे याचं उत्तम उदाहरण. त्याच्या 8 नंबरच्या चाकूचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं असतं.

खटका दाबला की फटकन उघडणारा रामपुरी धाटणीचा चाकू मात्र घेऊ नका. वावरातल्या कामाला त्याचा काही उपयोग नाही. त्याचा खटका मातीनं अडकतो आणि पोलिसांच्या नजरेत तो अवजार नसून हत्यारच असतो.

साधं पोलाद की स्टेनलेस

साध्या पोलादाला धार लवकर लागते आणि बारीक लागते, पण ते गंजतं. स्टेनलेस गंजायला वेळ घेतं, पण स्वस्तातलं स्टेनलेस मऊ असतं, आज लावलेली धार उद्या वळते. निगा राखायची तयारी असेल तर साधं पोलाद घ्या. घामानं भिजलेल्या खिशात चाकू तसाच राहणार असेल तर चांगलं स्टेनलेस बरं. चुंबक लावून दोन्हींतला फरक कळत नाही, कारण चाकूचं स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं.

गावातले लोहार ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून इळे, कोयते घडवतात. चाकूलाही हे पोलाद चालतं. थोडं लवचीक असतं, सहसा तुटत नाही. जुन्या कानशीचं पोलाद जास्त कडक धार देतं, पण कडक करून झाल्यावर ते पुन्हा बेतानं तापवून त्याचा ठिसूळपणा काढला नाही, तर चाकू खाली पडताच टवका उडतो. लोहाराकडून घेताना पात्याच्या पाठीवर कानस फिरवून बघा. कानस लोण्यासारखी आत गेली तर पातं मऊ आहे. जराही न खाता घसरली तर ते ठिसूळ असण्याची भीती आहे. घसरत घसरत जेमतेम खाते ते पातं ठीक.

घेताना एवढं तपासा

चाकू उघडा आणि पातं डावी-उजवीकडे हलवा. डुगडुगत असेल तर परत द्या. मिटल्यावर पातं मुठीच्या मधोमध बसायला हवं, एका बाजूला घासत असेल तर काही दिवसांत त्यावर चरे पडतात. उजेडासमोर धरून पाठपट्टी आणि पात्यामध्ये फट दिसते का तेही बघा.

एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. मिटलेल्या चाकूचं पातं आणखी आत दाबून बघा. ते पट्टीवर आपटत असेल, तर चाकू फटकन मिटला की दर वेळी धार त्याच एका जागी बोथट होणार. मूळचा चाकू नीट असला तरी पातं बोटानं धरून सावकाश मिटायची सवय लावा.

पहिल्या दिवशी

नव्या चाकूला कारखान्याचं तेल असतं. भांड्याच्या साबणानं धुवा, लगेच कोरडा करा, सांध्यात फुंकर मारून पाणी काढा. साध्या पोलादाच्या पात्यावर कैरीची फोड किंवा सिरक्यात बुडवलेला कापूस पंधरा-वीस मिनिटं ठेवा. पातं काळसर निळं पडेल. हा थर मुद्दाम चढवायचा असतो, तो तांबड्या गंजाला काही प्रमाणात अडवतो. कोऱ्या पात्यानं आवळा किंवा कैरी कापली तर फोड काळी पडते आणि तोंडात लोखंडाची चव येते. थर बसला की हे बरंच कमी होतं.

धार

नवा चाकू धारदार मिळेलच असं नाही, लोहाराचा तर नाहीच. हार्डवेअरच्या दुकानातून दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड आणा. एक बाजू खरखरीत, दुसरी बारीक, लांबी 15 ते 20 सेंटिमीटर. पाणी वापरायचं की तेल, हे पहिल्याच दिवशी ठरवा. तेल प्यायलेल्या दगडावर नंतर पाणी ठरत नाही.

1. दगड ओल्या गोणपाटावर ठेवा, म्हणजे सरकणार नाही. दगडावर पाणी सोडा.

2. धारेच्या कडेला दोन्ही बाजूंनी काळ्या मार्करची रेघ ओढा.

3. पातं दगडावर आडवं टेकवा आणि पाठ वर उचला. किती? पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश. पातं 15 मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून 5 मिलिमीटर वर, म्हणजे शिसपेन्सिलीच्या जाडीहून थोडी कमी. यानं सुमारे 20 अंशांचा कोन मिळतो. पाव रुंदीएवढी उचलली तर 15 अंशांच्या जवळ जातो. ती धार फळांना छान, पण नळ्या-दोऱ्यांवर लवकर मोडते.

4. खरखरीत बाजूवर, धार पुढे ठेवून, मुठीकडून टोकाकडे एका दमात ओढा. दगडाची पातळ साल काढतोय अशा बेतानं. दोन-तीनदा ओढून मार्कर बघा. शाई धारेच्या अगदी कडेची गेली तर कोन बरोबर आहे. वरची गेली आणि कडेची राहिली तर पाठ अजून उचला.

5. एकाच बाजूला घासत राहा, जोवर दुसऱ्या बाजूच्या कडेला मुरड येत नाही. वर्कशॉपमध्ये तिला बर म्हणतात. अंगठा पाठीकडून धारेकडे अलगद उतरवला की ती खरखरीत लागते. मुठीपासून टोकापर्यंत सलग मुरड आली पाहिजे. जिथं आली नाही तिथं दगड कडेपर्यंत पोचलेलाच नाही.

6. मग दुसरी बाजू, तशीच मुरड येईपर्यंत.

7. दगड उलटा करा. बारीक बाजूवर एकदा इकडून, एकदा तिकडून, अशा दहा-दहा ओढी. दाब कमी करत न्या. शेवटच्या दोन-तीन ओढींत पात्याचं वजन तेवढंच राहावं.

8. जुन्या चामडी कमरपट्ट्याच्या आतल्या बाजूवर, आता पाठ पुढे आणि धार मागे ठेवून, दोन्ही बाजूंनी पंधरा-पंधरा वेळा ओढा.

नवख्यांचं बहुतेक पाचव्या पायरीवर चुकतं. मुरड येण्याआधीच बाजू बदलली जाते आणि तासभर घासूनही चाकू बोथटच राहतो. दुसरी चूक शेवटची मुरड बारीक बाजूवर आणि चामड्यावर न काढण्याची. अशा चाकूनं संध्याकाळी कागद कापला जातो आणि सकाळी दोरीही कापली जात नाही, कारण कापत होती ती उभी राहिलेली मुरड, आणि ती पहिल्याच दोरीवर आडवी झाली. टोक गोल होत असेल तर ओढीच्या शेवटी पातं दगडाच्या बाहेर घसरतंय. टोक दगडावर असतानाच थांबा.

धार बघायला वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापा. कागद अडला ती जागा लक्षात ठेवा, तिथंच काम राहिलं आहे. पिकलेल्या भेदऱ्याच्या (टोमॅटोच्या) सालीवर पातं नुसतं टेकवून ओढलं आणि साल कापली गेली की काम झालं. चाकू उजेडाखाली धरून धारेकडे सरळ बघण्याचीही एक परीक्षा आहे. चांगली धार दिसतच नाही, बोथट जागा चमकते.

सायकलवर चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याकडे इळा-कोयता खुशाल द्या, हा चाकू देऊ नका. पातं पातळ असतं, कोरड्या चाकावर क्षणात तापतं. पिवळसर छटा साधारण 220 अंशांवर येते, निळी 290 ते 300 वर. धारेची कड निळी पडली की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं समजा. तेवढा भाग झिजवून टाकेपर्यंत तिथं धार टिकणार नाही. देणं भागच असेल तर दर वेळी पाण्यात बुडवून घ्यायला सांगा.

रोजच्या वापरात चामड्यावर दोन मिनिटं ओढलं तरी आठ-पंधरा दिवस दगड लागत नाही.

कामं, आणि ती नीट कशी करायची

ठिबकची 16 मिलिमीटरची नळी दाबून कापू नका, ती चपटी होते. धार नळीवर टेकवा आणि नळी गोल फिरवा, म्हणजे काप काटकोनात येतो. तिरका काप झाला की जोडणी आत पूर्ण बसत नाही आणि पाणी गळत राहतं. थंडीतल्या सकाळी नळी कडक असते. ती थोडी उन्हात पडू द्या.

खताच्या पोत्याची शिवण मधून कापली की तुकडे उपटत बसावं लागतं. एका टोकाचा दोरा कापून ओढा. सुटली नाही तर दुसऱ्या टोकानं ओढा, एका बाजूनं ती सरसर उसवते आणि पोतंही शाबूत राहतं. यानंतर पातं ओल्या फडक्यानं, मग कोरड्यानं पुसायलाच हवं. खत ओल धरतं आणि एका रात्रीत पात्यावर गंजाचे खड्डे पाडतं.

दोरी कापताना तिचा फासा करा, पातं फाशाच्या आत घाला आणि अंगापासून बाहेर ओढा. पोळ्याला नवे कासरे कापाल तेव्हा कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना आधी सूत गुंडाळून गाठ मारा आणि मधोमध कापा, पीळ उलगडणार नाही. नायलॉनचं टोक आगकाडीनं वितळवून बंद करा.

संत्र्याच्या बागेत या चाकूला मर्यादा आहेत. डोळा भरायला वेगळा कलमाचा चाकू लागतो, सरळ धारेचा आणि सहसा एकाच बाजूनं घासलेला. तो दुसऱ्या कशालाही वापरू नका. डिंक्या (डिंक गळण्याचा रोग) झालेल्या खोडाची सडलेली साल खरवडायला खिशातला चाकू चालतो, पण एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना स्पिरिटनं पुसा. खरवडलेल्या जागी बोर्डो मलम लावतात: मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. हे कालवण चाकूनं ढवळू नका. मोरचुदाच्या पाण्यात लोखंड गेलं की त्यावर तांबं चढतं आणि पातं खाल्लं जातं.

आणखी तीन कामं या चाकूची नाहीत. सुपारी फोडू नका, त्याला अडकित्ता आहे. पातळ धारेला तिथं टवके उडतात. डब्याचं झाकण उचकटू नका, टोक मोडतं. आणि अडकणी नसलेल्या चाकूनं कशातही भोसकू नका. पाठपट्टी फक्त दाबून धरते, टोकावर उलटा जोर आला की पातं थेट बोटांवर मिटतं. भोक पाडायला दाभण वापरा.

कीटकनाशकाची पुडी किंवा बाटलीचं सील या चाकूनं कधीच फोडू नका. याच पात्यानं दुपारी संत्रं कापलं जातं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारणीच्या सामानात एक वेगळी कात्री ठेवा आणि ती तिथंच राहू द्या.

तेल कुठलं, कुठं

आपल्याकडे घरात असेल ते तेल घालायची पद्धत आहे आणि त्यानंच अर्धे चाकू जाम होतात. जवसाचं तेल हवेत वाळून चिवट पापुद्रा धरतं. म्हणून ते लाकडी मुठीला उत्तम, सांध्याला वाईट. खोबरेल पात्याला चांगलं, खाण्याच्या चाकूला तर फारच, पण 24 अंशांच्या खाली ते गोठतं. पौषातल्या सकाळी सांध्यात खोबरेल असेल तर चाकू उघडताना नख तुटायची वेळ येते. सांध्याला शिलाई मशीनचं तेल एक थेंब. चार-पाच वेळा उघड-मीट करा आणि बाहेर आलेलं पुसून टाका.

लाकडी मूठ मे महिन्याच्या उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते. फुगली की पातं मुठीत घट्ट रुतून बसतं. मृग लागायच्या आधी मुठीला, फटीच्या आतल्या बाजूलाही, जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात द्या. दोन हातांमध्ये पूर्ण वाळू द्या. तेलाचं फडकं चुरगाळून ठेवू नका, पसरून वाळवा, कारण हे तेल वाळताना गरम होतं आणि गोळा झालेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. तरीही मूठ फुगलीच तर सावलीत वाऱ्यावर ठेवा. चुलीजवळ ठेवली तर तडकते.

जवळ कसा बाळगायचा

शर्टाच्या खिशात नको. विहिरीवर वाकलं की तो पाण्यातच. पँटच्या किंवा पायजम्याच्या खोल खिशात, मुठीला सुती दोरी बांधून ठेवा. लुगडं-साडीवाल्या बायांना कनवटीपेक्षा चंची सोयीची, कारण कनवटीतून चाकू वाकताना निसटतो. दुसऱ्याला द्यायचा तर मिटूनच द्या.

कायद्याचंही माहीत असू द्या. 1959 च्या शस्त्र कायद्यात निव्वळ घरगुती आणि शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्रात मोडत नाहीत. 2016 च्या शस्त्र नियमांत धारदार हत्यारांसाठी 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पातं, असं माप आहे. खिशातला चाकू त्याहून कितीतरी लहान. पण सण, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतात आणि त्यात चाकू, काठ्याही येतात. तेव्हा, आणि मिरवणुकीत, मतदान केंद्रावर, कोर्टात जाताना तो घरी ठेवा. विमानात जवळच्या बॅगेत तो चालत नाही.

मेळघाट, ताडोबा, पेंच, नागझिरा यांच्या आसपास राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येतच चाकू आहे आणि अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. नाक्यावर वाद घालण्यापेक्षा आधीच काढून ठेवा.

बोट कापलं तर स्वच्छ पाण्यानं धुऊन, फडक्यानं दहा मिनिटं सलग दाबून धरा, मध्ये उघडून बघू नका. चुना, तंबाखू, माती लावू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं नसेल किंवा कधी झालं ते आठवत नसेल, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. चाकू गंजलेला नव्हता म्हणून टाळू नका.

खीळ सैल झाली तर

वर्ष-दोन वर्षांत पातं डुगडुगायला लागतं. खिळीचं एक डोकं ऐरणीवर किंवा जाड लोखंडावर टेकवा आणि दुसऱ्या डोक्यावर छोट्या हातोडीच्या गोल बाजूनं हलके ठोके द्या. दोन-तीन ठोक्यांनंतर उघडून बघा. एकदम जोरात मारलं तर पातं जाम होतं, लाकडी मूठ असेल तर ती चिरते. जास्त घट्ट झालंच तर तेलाचा थेंब सोडून पातं अर्धं उघडा आणि डावी-उजवीकडे हळूच हलवा, थोडं मोकळं होतं. पाठपट्टीच तुटली असेल तर लोहाराकडे न्या. खीळ कापून नवी पट्टी बसवणं हे त्याच्या हातचं काम आहे. परत घेताना पातं मधोमध बसतंय का, ते दुकानात तपासलं होतं तसंच तिथंच उघडून बघा.